व्हॉल्व्ह बदलला म्हणून मेथी बंद?

‘हृदयाची झडप (व्हॉल्व्ह) बदलली, आता जन्मभर पालेभाजी बंद’ असं शेजारपाजारचे वैद्य बिनदिक्कत सांगतात. तसं काही नाही. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम रोज घ्यावी लागते. ही गोळी रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि मेथी-पालकात ते भरपूर असतं, एवढंच खरं. घोळ होतो प्रमाण बदललं की. श्रावणात रोज वाटीभर अळूचं फदफदं, पुढे महिनाभर पाल्याला हात नाही, मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा) खालीवर होणारच. मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, धातूची झडप असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ हवा, उतरला तर गुठळीचा धोका, चढला तर रक्तस्रावाचा. भाजी खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच. गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी या औषधासोबत जास्त घातक, पण तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही.