तपासणीऐवजी डिपॉझिट की तपासणीनंतरचं डिपॉझिट?

अमेरिकेत नुकत्याच आलेल्या माणसानं केबल किंवा सॅटेलाइट टीव्हीची जोडणी मागितली की 'डिपॉझिट' हा शब्द हमखास कानावर येतो. शब्द ओळखीचा, रक्कम झेपण्यासारखी आणि घरात टीव्हीची वाट पाहणारी मंडळी, त्यामुळं पुढं कुणी फारसं विचारत नाही. कार्डाचा नंबर दिला जातो. मात्र या एकाच शब्दाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. एकात तुम्ही पैसे ठेवता म्हणून कंपनी तुमची क्रेडिट तपासणी, म्हणजे उधारी फेडण्याच्या इतिहासाची चौकशी, करत नाही. दुसऱ्यात कंपनी तपासणी करते, तिला निकाल पसंत पडत नाही आणि म्हणून ती पैसे मागते. बिलावर दोन्हीकडं तीच ओळ आणि कदाचित तीच रक्कम दिसेल. क्रेडिट रिपोर्टवर उठणारी खूण आणि तुम्हाला मिळणारे हक्क मात्र सारखे नसतात.

आपल्याकडं डिपॉझिट वस्तूवर असतं. गॅसच्या सिलिंडरचं, भाड्यानं घेतलेल्या सेट-टॉप बॉक्सचं. वस्तू परत केली की पैसे परत. टीव्ही पाहण्याचे पैसे आधीच भरलेले असतात. डीटीएचचा रिचार्ज संपला की पडदा काळा होतो, म्हणून कंपनीला उधारीची धास्ती नाही आणि छत्री बसवायला आलेला माणूस सिबिल स्कोअर विचारत नाही. अमेरिकेत नेहमीची जोडणी खात्यावर चालते. बिल येतं, ते भरायला मुदत असते आणि थकलं तरी जोडणी त्याच दिवशी तुटत नाही. तोवर पाहिलेला टीव्ही म्हणजे वहीवरची उधारी. किराणा दुकानदार अनोळखी माणसाला वहीवर माल देताना गल्लीत चार जणांना विचारेल, नाहीतर थोडे पैसे आधी ठेवून घेईल. टीव्ही कंपनी तेच करते. म्हणजे तिथलं डिपॉझिट मुख्यतः तुमच्या बिलावर असतं, बॉक्सवर नव्हे.

आधी पहिला प्रकार. काही कंपन्या ऑर्डर घेतानाच विचारतात: सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) देऊन तपासणी करू द्यायची, की ठरावीक डिपॉझिट भरून ती टाळायची? ज्यांच्याकडं हा नंबर अजून आलेला नाही, किंवा एच-४ म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असून कामाची परवानगी नसल्यानं मिळणार नाही, त्यांना हाच रस्ता उरतो. अशा वेळी पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात जाणं फोनपेक्षा सोपं पडतं, कारण फोनवरच्या माणसाच्या पडद्यावर नंबराचा रकाना रिकामा ठेवायची सोय नसू शकते. या व्यवहारात तुमचा क्रेडिट रिपोर्ट कुणी पाहिलेला नसतो, किंवा नसावा. म्हणून तो पाहिल्याबद्दलची सूचनाही तुम्हाला येणार नाही. तुम्ही आपखुशीनं पैसे ठेवले, इतकंच.

दुसऱ्या प्रकारात तुम्ही नंबर देता, कंपनी चौकशी करते आणि दोन मिनिटांत सांगते की जोडणी मिळेल, पण इतकं डिपॉझिट लागेल. इथं १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट लागू होतो. रिपोर्टच्या आधारे तुम्हाला नाकारलं किंवा इतरांपेक्षा महाग अटी दिल्या, तर कंपनीनं तसं कळवलं पाहिजे: कोणत्या ब्युरोचा (क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) रिपोर्ट वापरला, स्कोअर वापरला असेल तर तो किती होता आणि कोणत्या मुख्य कारणांनी खाली आला. ती सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या ब्युरोकडून रिपोर्टची प्रत फुकट मागता येते आणि त्यातल्या चुकीवर हरकत घेता येते. हा कागद जाहिरातींच्या गठ्ठ्यात येतो आणि न उघडता कचऱ्यात जातो. तो उघडाच, कारण डिपॉझिट का लागलं याचं लेखी उत्तर त्यातच असतं.

कंपन्याही यात चुकल्या आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबलनं फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करून १९ लाख डॉलर दंड भरला. क्रेडिट रिपोर्ट पाहून काही ग्राहकांकडून डिपॉझिट किंवा पहिल्या महिन्याचं बिल आगाऊ घेतलं, पण त्यांना ती सूचना दिली नाही, हा आरोप होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये मोबाइल कंपनी स्प्रिंटवर साधारण तशाच कारणानं २९.५ लाख डॉलरची पाळी आली. तिथं कमी स्कोअरवाल्यांच्या बिलात दरमहा ७.९९ डॉलर जादा लागत होते आणि सूचना उशिरा, ग्राहक करारात अडकल्यावर जात होत्या, असं कमिशनचं म्हणणं होतं.

दोन्ही प्रकारांची सरमिसळ झाली तर काय होतं, याचं उदाहरण वॉशिंग्टन राज्याचं. तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) ऑगस्ट २०१६ मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीवर दावा लावला. त्यातल्या अनेक आरोपांपैकी एक असा, की तपासणी टळावी म्हणून डिपॉझिट भरलेल्या हजारो ग्राहकांचीही क्रेडिट तपासणी झाली. असं घडलं तर माणूस दोन्हीकडून जातो: पैसे अडकतात आणि ज्या खुणेसाठी ते ठेवले तीही रिपोर्टवर उठते.

खुणेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल भीती फार आणि माहिती कमी. चौकशी दोन तऱ्हेची असते. सॉफ्ट चौकशी फक्त तुम्हाला दिसते आणि तिचा स्कोअरवर परिणाम होत नाही. हार्ड चौकशी रिपोर्टवर दोन वर्षं राहते, फायको स्कोअर (तिथला सिबिलसारखा स्कोअर) ती पहिले १२ महिनेच धरतो आणि बहुतेकांचे तिनं पाचपेक्षा कमी गुण जातात. ३०० ते ८५० च्या मापात ही किरकोळ घट. जुना, भरभक्कम इतिहास असलेल्यानं तिच्यापायी डिपॉझिटमध्ये पैसे अडकवण्यात अर्थ नाही. पण ज्याचा रिपोर्ट आत्ता कुठं उघडतोय आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत गाडीचं कर्ज किंवा पहिलं चांगलं कार्ड घ्यायचंय, त्यानं चौकशी वाचवलेली बरी. टीव्ही कंपनी कोणती चौकशी करते हे कंपनीवर अवलंबून असतं. म्हणून विचारायचं आणि चॅटवर विचारायचं, म्हणजे उत्तराचा स्क्रीनशॉट राहतो.

विचारायचे शब्द नेमके हवेत. 'डिपॉझिट लागेल का?' याचं उत्तर नुसतं 'हो' येतं. त्याऐवजी विचारा: 'इज धिस डिपॉझिट इन ल्यू ऑफ अ क्रेडिट चेक?' इन ल्यू ऑफ म्हणजे ऐवजी, आणि सगळं त्या तीन शब्दांवर अडलेलं असतं. पाठोपाठ आणखी दोन प्रश्न: चौकशी हार्ड की सॉफ्ट, आणि डिपॉझिट कधी व कसं परत मिळेल? ऑनलाइन ऑर्डर करताना शेवटच्या पानावर संमतीचा चौकोन असतो. शेजारच्या बारीक अक्षरांत 'कन्झ्युमर रिपोर्ट' किंवा 'क्रेडिट इन्फर्मेशन' मिळवण्याची परवानगी लिहिलेली असेल, तर डिपॉझिट भरत असलात तरी तुम्ही तपासणीला होकार देताय. तिथंच थांबून चॅट उघडा. 'नो क्रेडिट चेक' अशी जाहिरात असली तरी ओळख पटवण्यासाठी एखादी सॉफ्ट चौकशी होऊ शकते. तिच्यानं नुकसान नाही.

दुसऱ्या प्रकारात अनेकदा चांगल्या माणसालाच डिपॉझिट लागतं आणि त्याला वाटतं आपला स्कोअर पडला. बहुतेक वेळा स्कोअर नसतोच. फायको स्कोअर निघायला रिपोर्टवर निदान एक खातं सहा महिने जुनं लागतं आणि गेल्या सहा महिन्यांत कुठल्यातरी खात्याची नोंद झालेली लागते. भारतातला सिबिलचा उत्तम इतिहास तिथल्या रिपोर्टवर आपोआप येत नाही. म्हणजे जानेवारीत उतरून फेब्रुवारीत कार्ड घेतलेल्याला मे महिन्यात तपासणी करून घेऊन काही साधायचं नाही. चौकशीची खूण उठेल आणि वर डिपॉझिटही लागेल. त्यानं पहिलाच प्रकार धरावा.

दुसरं कारण नावाचं, आणि त्यात आपली मंडळी हमखास सापडतात. आपल्या पासपोर्टावर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर तेच दोन तुकड्यांत येतं, बँकेत मधलं नाव फक्त आद्याक्षर उरतं आणि भाडेकरारावर गायब होतं. पत्ताही बदललेला असला की कंपनीची चौकशी तुमच्या फाइलवर जाऊन पोचतच नाही. उत्तर येतं: माहिती सापडली नाही. कंपनीच्या लेखी हे आणि वाईट क्रेडिट सारखंच. ऑर्डरवर नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, द्यावं.

तिसरं कारण फ्रीझ. फसवणुकीच्या भीतीनं फाइल गोठवून ठेवणं शहाणपणाचं आहे आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून ते देशभर फुकट आहे. पण गोठवलेली फाइल टीव्ही कंपनीलाही दिसत नाही. ऑर्डरच्या आधी कंपनी इक्विफॅक्स, एक्स्पीरियन की ट्रान्सयुनियन वापरते ते विचारून तेवढंच फ्रीझ दोन दिवसांसाठी उठवा. ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलं तर एका तासात आणि टपालानं सांगितलं तर कामकाजाच्या तीन दिवसांत ते उठवायचं बंधन ब्युरोवर आहे. हे करूनही गाडी अडली तर एनसीटीयूई आठवा. नॅशनल कन्झ्युमर टेलिकॉम अँड युटिलिटीज एक्स्चेंज या लांबलचक नावाची ही फोन, टीव्ही आणि वीज-पाणी कंपन्यांची सामाईक वही आहे. जुन्या घरचं थकलेलं बिल किंवा परत न केलेला बॉक्स तिथं नोंदलेला असू शकतो. तिचं फ्रीझ वेगळं, तिचा रिपोर्टही वेगळा मागवावा लागतो आणि तो फुकट मिळतो. तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट स्वच्छ असूनही डिपॉझिट मागितलं गेलं तर आधी इथं पाहावं.

या दोन्हींत न बसणारी तिसरी रक्कमही असते: अ‍ॅक्टिव्हेशन फी, इन्स्टॉलेशन फी, किंवा क्रेडिट कमी म्हणून घेतलेली परत न मिळणारी रक्कम. फोनवर तिलाही सर्रास 'अपफ्रंट' म्हणतात आणि ऐकणारा ती डिपॉझिट समजतो. ओळखायची खूण एकच: 'रिफंडेबल' हा शब्द लेखी आहे का? नसेल तर ते पैसे गेले असं समजा.

डिपॉझिट मात्र तुमचं असतं, कंपनी ते फक्त सांभाळते. परत मिळण्याचे रस्ते सहसा दोन: ठरावीक महिने बिल वेळेवर भरलं की पुढच्या बिलात वजावट, नाहीतर खातं बंद करताना थकबाकी वजा करून. यात गफलत होते ती कराराच्या मुदतीची. सॅटेलाइट टीव्हीच्या २४ महिन्यांच्या करारात मध्येच सोडल्यास उरलेल्या दर महिन्याला २० डॉलर, असा दंड सर्रास असतो. १४ व्या महिन्यानंतर दुसऱ्या गावी नोकरी लागली तर १० महिने उरले, म्हणजे २०० डॉलर. १०० डॉलर डिपॉझिट त्यातच वळतं होतं आणि वर १०० देणं उरतं. डिपॉझिट भरलंय म्हणून सुटका होईल हा समज इथं महागात पडतो. ज्यांचा मुक्काम वर्षभराचाच आहे, त्यांनी महिन्याच्या महिन्याला कार्डावर चालणारी स्ट्रीमिंग सेवा घ्यावी. तिथं तपासणीही नाही आणि डिपॉझिटही नाही.

खातं बंद करताना बॉक्स, रिमोट आणि मोडेम दुकानात नेऊन द्या आणि पावतीवर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर आलाय का ते काउंटरवरच पाहा. वेळेवर भरलेलं टीव्हीचं बिल तिन्ही ब्युरोंकडं सहसा जात नाही, पण परत न आलेल्या बॉक्सची वसुली कलेक्शनला, म्हणजे वसुली करणाऱ्या एजन्सीकडं, गेली तर ती नोंद रिपोर्टवर सात वर्षं राहू शकते. केबल कंपन्यांसाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या ग्राहकसेवेच्या नियमांत परताव्याच्या चेकला मुदत दिलेली आहे: रक्कम ठरल्यावर पुढचं बिलचक्र किंवा ३० दिवस, यातलं जे आधी येईल ते. सेवा बंद केली असेल तर चेक उपकरणं परत केल्यावर निघतो. हे नियम केबलचे आहेत, सॅटेलाइटला ते लागू नाहीत.

कायमचं परत निघालेल्यांनी परतावा चेकनं न घेता ज्या कार्डावरून पैसे भरले त्यावर मागावा आणि तो जमा होईपर्यंत ते कार्ड बंद करू नये. जुन्या पत्त्यावर गेलेला डॉलरचा चेक पुण्यात कुरियरनं मागवून वटवणं हा मोठा व्याप आहे. चेक वटलाच नाही तर कंपनीला काही काळानं ती रक्कम त्या राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या खात्याकडं द्यावी लागते. मिसिंगमनी डॉट कॉमवर तुमचं नाव आणि राज्य टाकून ती शोधता येते. तिथंही नावाची प्रत्येक तऱ्हा, मधल्या नावासह आणि त्याशिवाय, टाकून पाहा.