ट्राय डाइव्ह की ओपन वॉटर कोर्स: पाण्याखाली बटण कोणाच्या हातात असतं?

मालवण-तारकर्लीला पाण्याखाली वीस मिनिटं काढून आलेल्या माणसाच्या हातात बऱ्याचदा एक छापील प्रमाणपत्र असतं. त्यावर नाव, तारीख, कधी फोटोसुद्धा. पुढच्या वर्षी तोच माणूस अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जातो, डाइव्ह सेंटरच्या टेबलावर तो कागद ठेवतो आणि म्हणतो, "माझं स्कूबा झालंय, जरा खोल न्या." तिथे त्याला कळतं की हा कागद आठवण म्हणून छान आहे, पण परवाना म्हणून चालत नाही. त्याने केली होती ती ट्राय डाइव्ह. जगभर चालणारं कार्ड मिळतं ते ओपन वॉटर कोर्स केल्यावर. दोन्हीकडे टाकी तीच, मास्क तोच, फिन्स त्याच, आणि बोलताना दोन्हींना आपण ‘स्कूबा केलं’ असंच म्हणतो. घोळ तिथून सुरू होतो.

खोली हा दोन्हींतला सगळ्यात कमी महत्त्वाचा फरक आहे. डाइव्हिंगचं प्रशिक्षण देणाऱ्या पाडी (PADI) या संस्थेच्या नियमांनुसार ट्राय डाइव्हची कमाल मर्यादा १२ मीटर आणि ओपन वॉटरची १८ मीटर. मालवणात ट्राय डाइव्ह बहुतेक वेळा त्याहून बरीच उथळ होते. खरा फरक तुमच्या डाव्या खांद्यावरून पुढे येणाऱ्या एका नळीत आहे.

अंगातल्या जाकिटाला बीसीडी म्हणतात. त्यात टाकीतली हवा भरता येते आणि सोडता येते. या नळीच्या टोकाला दोन बटणं असतात: एक हवा भरायचं, दुसरं सोडायचं. भरली की माणूस वर जायला लागतो, सोडली की खाली. ट्राय डाइव्हमध्ये ही नळी प्रशिक्षकाच्या हातात असते. तो तुमच्या मागे किंवा वर राहून एका हाताने टाकीचा वरचा भाग धरतो आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबतो. किती हवा उरली, किती खोल आलो, कधी वर निघायचं, हे सगळं तोच बघतो. तुमच्याकडे तीनच कामं: श्वास चालू ठेवणं, कान मोकळे करत राहणं आणि खुणा करणं. ओपन वॉटर कोर्स म्हणजे ती नळी, हवेचा काटा आणि निर्णय टप्प्याटप्प्याने तुमच्या हातात देणं.

या दोघांच्या जोडीला एक तिसराच प्रकार स्कूबा म्हणून विकला जातो. काही ठिकाणी टाकी होडीतच ठेवतात आणि लांब नळीने खाली तोंडापर्यंत हवा देतात. पाठीवर टाकी नाही, बीसीडी नाही. स्कूबा या नावातच स्वतःची हवा स्वतःजवळ असणं आहे, त्यामुळे हा प्रकार त्यात बसत नाही. नळी खडकाला अडकली, मुरगळली किंवा वर टाकी संपली, तर हवेची दुसरी सोय जवळच्या माणसाकडे आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि टाकी कुठेही असो, तिच्यात ऑक्सिजन नसतो. गाळून कोरडी केलेली साधी हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर पाण्यातच झटके येऊ शकतात.

ट्राय डाइव्हला पोहता येण्याची अट नाही. वय मात्र किमान १० वर्षं लागतं. कामं तीनच असली तरी त्यांतल्या दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात.

पहिलं काम कानाचं. घाट चढता-उतरताना कानात दडे बसतात, तेच पाण्यात पहिल्या दीड-दोन मीटरमध्ये होतं, आणि फार जोरात. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून, नाकातून हलकेच फुंकायचं. हे दुखायला लागल्यावर करायचं नाही. आधीच, दर अर्ध्या ते एक मीटरला करायचं. दुखलं तर मीटरभर वर येऊन पुन्हा करायचं. दुखत असताना जोर लावून फुंकलं तर आतल्या कानाला इजा होते, आणि तसंच रेटून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. त्यासाठी १२ मीटर लागत नाहीत, दोन-तीन मीटर पुरतात. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना कानातली हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं. प्रशिक्षक घाईत खाली नेत असेल तर सपाट पंजा डावी-उजवीकडे हलवायचा आणि बोटाने कान दाखवायचा. या खुणेला थांबणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

खुणांचा विषय निघालाच आहे तर अंगठा. एरवी अंगठा वर केला की ‘मस्त’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. कॅमेऱ्यासमोर आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक मुकाट वर घेऊन येतो आणि डाइव्ह तिथेच संपते. ‘ठीक आहे’ यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

दुसरं काम श्वासाचं, आणि इथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेला श्वास तसाच रोखून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला तितकं ताणता येत नाही. छाती भरून श्वास रोखला असेल तर जेमतेम सव्वा मीटर वर येण्यानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते. ‘पाच मीटरच तर आहे’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही, कारण अडकलेली हवा सर्वांत जास्त फुगते ती पृष्ठभागाजवळच. विहिरीत नाहीतर नदीत पोहायला शिकलेल्यांनी इथे जास्त सावध राहायचं. बुडी मारली की दम धरायचा ही त्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट, आणि स्कूबात नेमकी तीच करायची नाही. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून ज्यातून श्वास घ्यायचा ते साधन, तोंडातून निसटला तरी तो सापडेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

आता कोर्स. साधारण तीन-चार दिवस लागतात. आधी पाच भागांचा अभ्यास आणि परीक्षा, मग जलतरण तलावात किंवा तसल्याच शांत पाण्यात पाच सत्रं, आणि शेवटी समुद्रात चार डाइव्ह. पोहायची अट इथे आहे: न थांबता २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, किंवा मास्क, फिन्स आणि स्नॉर्केल (पाण्यावरून तोंडाने श्वास घ्यायची नळी) लावून ३०० मीटर. शिवाय १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं. पोहणं येत नसेल तर गावातल्या जलतरण तलावात दोन-तीन महिने आधी सुरुवात करा. कोर्सच्या चार दिवसांत पोहणं शिकून होत नाही.

बहुतेकांची खरी परीक्षा मास्कमध्ये होते. पाण्याखाली मास्क पूर्ण भरू द्यायचा आणि पुन्हा रिकामा करायचा: वरची कड कपाळावर दाबून धरायची, नजर थोडी वर करायची आणि नाकातून सावकाश श्वास सोडायचा. हवा वर साठत जाते आणि पाणी खालच्या कडेने बाहेर पडतं. ऐकायला सोपं आहे. पण नाकाला पाणी लागताच श्वास आपोआप अडकतो किंवा नाकातून ओढला जातो, ठसका लागतो, आणि माणूस वर पळायला बघतो. यावर घरी करता येण्यासारखा सराव आहे. मास्क न लावता, फक्त स्नॉर्केल तोंडात धरून चेहरा बादलीत घालायचा आणि मिनिटभर तोंडाने श्वास घ्यायचा. कोर्समध्ये मास्कशिवाय एक मिनिट श्वास घ्यायला लावतातच. हे ज्याला जमलं त्याला पुढचं फारसं जड जात नाही. मिशीमुळे मास्क गळत असेल तर नाकाखालचा भाग थोडा कमी करावा लागतो. पट्टा जास्त आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते.

उतरण्याआधी जोडीदाराने एकमेकांची तपासणी करायची: बीसीडी, वजनं (खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधतात ती), पट्ट्यांची बकलं, हवा. हवेच्या तपासणीत एक बारीक गोष्ट आहे. रेग्युलेटरमधून दोन-तीन खोल श्वास घेताना नजर काट्यावर ठेवायची. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल तर टाकीची चावी पुरती उघडलेली नाही. पृष्ठभागावर ती हवा पुरते, पण १० मीटरवर श्वास घ्यायला जड जाईल. ट्राय डाइव्हमध्येही हा काटा डोळ्यांनी बघायला हरकत नाही, त्याला कार्ड लागत नाही.

हवेचा हिशोबही कोर्समध्ये तुमचा तुम्ही करायला लागता. आपल्याकडे सर्रास वापरतात ती ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची. २०० बार (बार हे दाबाचं माप) दाबाला तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला साधारण १,६६५ लिटर. घाबरलेला नवखा माणूस पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला २५ लिटर घेतो. १० मीटरवर ते ५० होतात, आणि हवा ३३ मिनिटांत संपते. शांत श्वास घेणारा १६ लिटर घेतो, तर त्याला तीच टाकी ५२ मिनिटं पुरते.

या हवेलाही वजन असतं, भरलेल्या टाकीत सुमारे अडीच किलो. डाइव्हच्या शेवटी आपण सुमारे दोन किलोंनी हलके झालेले असतो, आणि नेमकं तेव्हाच सुरक्षेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं. सुरुवातीला वजन कमी घेतलेलं असेल तर तिथे थांबता येत नाही, माणूस वर उचलला जातो. म्हणून वजनाची परीक्षा जवळपास रिकाम्या टाकीने करतात: बीसीडी रिकामी, साधा श्वास धरलेला, पाणी डोळ्यांच्या पातळीला. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. टाकी भरलेली असेल तर दोनेक किलो वाढवून धरायचे. जास्त वजन ही उलट चूक, आणि तीच जास्त दिसते. ती झाकायला माणूस बीसीडीत हवा भरतो, मग थोडं वर गेलं की ती हवा फुगते आणि आणखी वर नेते. कोर्समधला निम्मा वेळ या बटणाला कमीत कमी हात लावायला शिकण्यात जातो. बारीक चढ-उतार फुप्फुसाने करायचे: श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली.

प्रवाळासाठीही हेच कौशल्य महत्त्वाचं. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तरंगणं न जमलेल्या माणसाची एक फिन प्रवाळावर आपटली तर वर्षानुवर्षं वाढलेला तुकडा मोडतो. ट्राय डाइव्हमध्ये तुमचं तरंगणं प्रशिक्षक सांभाळतो, पण हात तुमचेच असतात. ते छातीशी घडी घालून ठेवा. माशांचा घोळका फोटोत यावा म्हणून पाव-बिस्किटं टाकत असतील तर नको म्हणून सांगा. ते त्यांचं खाणं नव्हे.

दोन्हींआधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो: दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण. सहल बुडू नये म्हणून सगळीकडे ‘नाही’ लिहिणारे खूप आहेत. तसं करू नका. दम्यात श्वासनळीचा एखादा भाग आकसला तर त्याच्यामागची हवा वर येताना अडकून फुगते. तुम्ही श्वास रोखला नसला तरीही. ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांची सही लागते, बंदी येतेच असं नाही. गरोदरपणात मात्र दोन्ही नकोत. फॉर्मच न देणाऱ्या ठिकाणी उतरू नये, हे आमचं ठाम मत. होडीवर इमर्जन्सीचा ऑक्सिजन आहे का आणि एका प्रशिक्षकाकडे किती जण, हेही विचारा. ट्राय डाइव्हला एकास एक हवं.

विमानाचा नियमही दोघांना आहे. एकच उथळ डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास विमान टाळायचं. अंगात विरघळलेला नायट्रोजन दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो, म्हणून. सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीलाही हाच नियम धरतात, आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. तारकर्लीला कोर्सच्या शेवटच्या दोन डाइव्ह सकाळी करून दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठायचा बेत असेल तर मुक्काम एक रात्र वाढवा.

एकदाच बघायचंय, पोहता येत नाही, हातात एक सकाळ आहे: नीट घेतलेली ट्राय डाइव्ह घ्या, डिसेंबर ते फेब्रुवारीत, पाणी निवळ असताना. पावसाळ्यात कोकणात हे बंदच असतं. एका डाइव्हनंतर पुन्हा उतरावंसं वाटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या ट्राय डाइव्हवर पैसे घालण्यापेक्षा ते कोर्ससाठी साठवा. दहा ट्राय डाइव्ह केल्या तरी कार्ड मिळत नाही.

कार्डाची मुदत संपत नाही, सवय मात्र सुटते. सहा महिने ते वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर आधी उजळणीची एक डाइव्ह करा: मास्क रिकामा करणं, निसटलेला रेग्युलेटर शोधणं, जोडीदाराच्या हवेवर वर येणं, वजनाची परीक्षा. आणि ज्यांची नजर विजयदुर्गसमोर समुद्रात शंभरेक किलोमीटरवर असलेल्या, कान्होजी आंग्रे यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेच्या प्रवाळावर आहे, त्यांनी आकडे बघून ठेवावेत. ओपन वॉटर १८ मीटरपर्यंत नेतं आणि तिथला माथा साधारण २० मीटरच्या खाली सुरू होतो. त्यासाठी पुढचा, ३० मीटरचा ॲडव्हान्स्ड कोर्स लागतो.