मामाच्या शेतातला काटा आणि साळिंदराचं घर

महूच्या पुढे मानपूरकडे आमच्या मामाचं बटाट्याचं शेत आहे. जानेवारीत इंदूरहून गेलो तर मामा म्हणाले, रात्री सेही येऊन गेली रे, बघ. सरी उकरलेली, अर्धवट खाल्लेले बटाटे, आणि मातीत वीतभर लांब काटा, काळे-पांढरे पट्टे, पेनापेक्षा हलका पण टोक सुईसारखं.

सेही म्हणजे आपलं साळिंदर. उंदीर-घुशींच्याच गटातलं, पण वजन 11 ते 18 किलो! असा प्राणी घनदाट जंगलातच राहणार असं वाटतं ना, तसं अजिबात नाहीये. तुर्कस्तानपासून अरबस्तान, इराण करत भारत-श्रीलंकेपर्यंत हा आहे, हिमालयात साधारण 2400 मीटरपर्यंत चढतो, झुडपी रान, गवताळ माळ, शेताचा बांध सगळं चालतं, फक्त दिवसा दडायला बीळ किंवा कपार हवी आणि रात्री चालत जाऊन खायला कंद, मुळं, साली. म्हणून दगडाळ उतार त्याला फार आवडतात, आणि आमचं माळव्याचं पठार संपून विंध्याचा उतार सुरू होतो तिथे हे दोन्ही शेजारी-शेजारी मिळतं.

बीळ आम्ही लांबूनच पाहिलं, नाल्याकाठी मुरमात. तोंडाशी गुराचं एक जुनं हाड, त्यावर दातांच्या खाचा ओळीने. मांसासाठी नाही हं, हाडातल्या कॅल्शियम-फॉस्फरससाठी कुरतडतो, आणि पुढचे दात आयुष्यभर वाढतात तेही त्यात झिजतात. काटे फेकून मारतो हे मात्र खोटं, पाठमोरा होऊन उलटा धावतो आणि काटे समोरच्याच्या अंगात रुततात, बिबटेसुद्धा त्यातून मेलेत.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्याचं बीळ. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदराच्या बिळांत अजगर राहतात, वटवाघळंही. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात तर त्याने कंदासाठी उकरलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी आणि बिया साचतात आणि तिथे आजूबाजूपेक्षा जास्त रोपं उगवतात. म्हणजे एक बीळ बुजवलं की किती जणांचं घर जातं बघा.

मामा बुजवणारच होते, हे सगळं सांगितल्यावर थांबले. आता शेताच्या त्या बाजूला जाळी लावतायत, खाली हातभर जमिनीत गाडून, कारण नुसती वरून लावली तर तो खालून उकरून येतोच.