सिगारेटचा प्रश्न मागे का पडतो

बेघरांच्या निवाऱ्यात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात नवी व्यक्ती आली की समाजकार्यकर्ता आधी तिची नोंद करून घेतो. राहण्याची सोय आहे का, ओळखपत्रे आहेत का, कर्ज किती, औषधे कोणती, दारू किती, असे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. समोरच्या माणसाची बोटे पिवळी पडलेली असतात, बोलता बोलता तो दोनदा दाराकडे पाहतो, आणि तरीही ‘दिवसाला सिगारेटी किती?’ हे विचारायचे बहुधा राहून जाते. आधीच इतके सोसणाऱ्या माणसाचा हा एवढाच विरंगुळा उरला आहे, तोही कशाला हिरावून घ्यायचा, असे कार्यकर्त्याला वाटत असते. ही भावना मायेपोटी आलेली आहे, हे मान्य करूनही ती त्या माणसाच्या हिताची नाही, असे माझे ठाम मत आहे.

झुरक्यातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात मिसळून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथे ते ॲसिटिलकोलीन या नैसर्गिक रसायनासाठी असलेल्या ग्राहींना, म्हणजे ते पकडणाऱ्या पेशींवरील जागांना, चिकटते, त्यातून डोपामीन हे सुखद जाणीव देणारे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रोजच्या माऱ्याने मात्र या ग्राहींची संख्या वाढत जाते. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, ग्राही रिकामे होऊ लागतात, आणि चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणे सुरू होते. पुढची सिगारेट ही बेचैनी घालवते आणि ओढणाऱ्याला वाटते, तिने आपला ताण हलका केला. वस्तुतः तो ताण आधीच्या सिगारेटनेच मागे ठेवलेला असतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला परिस्थितीचा ताण कोणता आणि निकोटीनचा कोणता, हे निवडून वेगळे कसे करता यावे? २०१४ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात दिसले, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही ही सुधारणा तेवढीच होती.

‘आधी दारू सुटू दे, मग सिगारेटचे पाहू’ हा दुसरा समज. १९ चाचण्यांच्या २००४ मधील विश्लेषणात, व्यसनमुक्तीच्या उपचारांबरोबरच सिगारेट सोडण्यासाठी मदत मिळालेल्यांची दारू व अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली.

गरिबीत किंवा आजारात जगणाऱ्यांना सिगारेट सोडायचीच नसते, असेही नाही. ते प्रयत्न करतात, पण यश कमी मिळते. त्यांचे निकोटीनवरचे अवलंबित्व अनेकदा अधिक खोल असते, आणि आजूबाजूचे बहुतेक जण ओढणारे असतात. हे अवलंबित्व जोखण्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट पेटवता? पाच मिनिटांच्या आत, असे उत्तर आले, तर केवळ निर्धाराच्या बळावर त्या माणसाला सोडून देणे अन्यायाचे आहे. कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी शंभरात जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात.

त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीने किंवा निकोटीनच्या गमने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. दिवसभर मंद गतीने निकोटीन देणारी पट्टी आणि अचानक येणाऱ्या तलफेसाठी गम, अशी जोडी एकट्या उपायापेक्षा सरस ठरते. हा गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो, आणि नेमके हेच कुणी समजावून सांगत नाही. जिभेला चुरचुरी जाणवेपर्यंत तो हळूहळू चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुरचुरी ओसरली की पुन्हा चावायचा. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. भराभर चघळल्यास ते लाळेबरोबर पोटात जाऊन मळमळ, उचकी आणि जळजळ तेवढी होते. त्याच वेळी कॉफी प्यायल्यासही शोषण घटते. ‘गम वापरून पाहिला, काही उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्याला तो कसा चावला, हे आधी विचारावे. सिगारेट सोडण्यासाठी दिले जाणारे व्हॅरेनिक्लिन हे औषधही परिणामकारक आहे. त्याने मानसिक त्रास बळावेल, अशी भीती पूर्वी होती. पण आठ हजारांहून अधिक जणांच्या, त्यांतील जवळजवळ निम्मे मनोविकार असलेल्यांच्या, २०१६ मधील चाचणीत तसा लक्षणीय धोका आढळला नाही.

औषधाइतकेच महत्त्व आहे ते देणाऱ्याशी असलेल्या ओळखीला. अनोळखी दवाखान्यात जायला कचरणारा माणूस, ज्याने त्याचे कागदपत्र मिळवून दिले त्या कार्यकर्त्याचे ऐकतो. म्हणून विचारणे, उपाय सांगणे आणि तो हातात देणे या तिन्ही गोष्टी त्याच जागी झाल्या पाहिजेत. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र येथे फार उपयोगी पडते. सिगारेट सोडल्यावर एकदोन दिवसांतच तो आकडा झपाट्याने खाली येतो, आणि बराच काळ काहीच मनासारखे न घडलेल्या माणसाला स्वतःच्या फुंकरीने उतरलेला आकडा डोळ्यांनी पाहता येतो. कार्यकर्तेच सेवार्थींबरोबर बाहेर उभे राहून ओढत असतील, तर ही मदत आधी त्यांना मिळायला हवी.

एका बाबतीत मात्र दक्षता हवीच. धुरातील हायड्रोकार्बनांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक सक्रिय होते आणि क्लोझापीन, ओलान्झापीन ही गंभीर मनोविकारांवरील औषधे शरीरातून लवकर निघून जातात. सिगारेट थांबली की त्यांची रक्तातील पातळी वाढते. पट्टीतून निकोटीन मिळत असले तरी हे टळत नाही, कारण हा परिणाम निकोटीनचा नसतो. सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवले, तर मात्रा वेळेवर कमी करता येते, आणि पुन्हा ओढणे सुरू झाल्यास तेही त्यांना कळायला हवे. म्हणून नोंदवहीत जेथे औषधांची यादी असते, त्याच पानावर रोजच्या सिगारेटींचा आकडा आणि त्या थांबवल्याची तारीख लिहिलेली असावी.