पिचरच्या कोपरातला पट्टा

१९६८ साली अमेरिकी बेसबॉलमधल्या सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, बॉब गिब्सन याने एकट्याने २८ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकले. २०२४ च्या मोसमात मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, तीसही संघांच्या पिचरांनी मिळून असे पूर्ण सामने टाकले, तेही २८च.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. क्रिकेटमध्ये षटक संपलं की गोलंदाजाला दम खायला मिळतो, पुन्हा स्पेलही मिळतो. इथे एकदा बाहेर काढलं की त्या सामन्यात परत येणं नाही. म्हणून जुने स्टार्टर हात राखून टाकायचे आणि अडचणीच्या वेळी जोर काढायचे. २ जुलै १९६३ ला सॅन फ्रान्सिस्कोत ४२ वर्षांचा वॉरन स्पान आणि तरुण हुआन मॅरिशाल समोरासमोर आले. नऊ इनिंगचा (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी) सामना सोळाव्या इनिंगपर्यंत लांबला, पण दोघांपैकी एकही हटला नाही. विली मेजच्या होमरनने, म्हणजे चेंडू थेट सीमेपार मारून काढलेल्या धावेने, १-० असा निकाल लागला, तेव्हा मॅरिशालचे २२७ चेंडू टाकून झाले होते आणि स्पानचे २०१. आज शंभराच्या आसपास पोचताच बदली पिचर तयार असतो.

हे बदललं ते आकडेमोडीमुळे. एकाच सामन्यात त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाणारे बॅटर सरासरीने अधिक चांगले खेळतात, कारण त्याचा हात थकलेला असतो आणि त्याचे चेंडूही त्यांच्या नजरेत बसलेले असतात. २०२० च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेज १-० ने पुढे होते. त्यांचा स्टार्टर ब्लेक स्नेल याने नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं होतं, तरी अवघ्या ७३ चेंडूंनंतर त्याला काढलं. रेज ३-१ ने हरले. सरासरी मला कळते, पण त्या संध्याकाळचा स्नेल सरासरी नव्हता. तो निर्णय मला आजही पटत नाही.

पाच इनिंगच टाकायच्या म्हटल्यावर हात राखायचा कशाला? प्रत्येक चेंडू जीव तोडून. २००८ मध्ये फास्टबॉलचा, म्हणजे पिचरच्या वेगवान चेंडूचा, सरासरी वेग ताशी ९२ मैलांच्या आसपास होता, आता तो ९४ च्या वर गेला आहे. याची किंमत कोपर मोजतं.

चेंडू टाकताना खांद्यात दंड सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने फिरतो. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधून ठेवणारा एक छोटा अस्थिबंध असतो. मृतदेहांच्या कोपरांवरच्या चाचण्यांत हा पट्टा जेवढ्या पिळाला तुटतो, त्याहून जास्त पीळ पिचरच्या कोपरावर दर चेंडूला पडतो. आजूबाजूचे स्नायू वाटा उचलतात म्हणून तो टिकतो. पण व्यायामाने स्नायू जसे वाढतात, तसा हा पट्टा वाढत नाही. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे.

आता अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येईल. काहींच्या हाताला ती जन्मतःच नसते, आणि त्यांचं काही अडत नाही. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातली हीच दोरी काढून त्याच्या डाव्या कोपरात, हाडांना भोकं पाडून, तुटलेल्या पट्ट्याच्या जागी ओवली. पुढचा सबंध मोसम तो बाहेर बसला. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.