काचचूर्ण, पारदर्शक विद्युत् अपारक थरांसाठीचे

प्लाझ्मा पडद्याच्या (वायूतील विद्युत् विसर्गाने उजळणाऱ्या चपट्या पडद्याच्या) पुढील काचेवर विद्युत् अग्रे (वीज पुरवणाऱ्या पट्ट्या) असतात. त्यांना झाकणारा पारदर्शक, विद्युत् अपारक (वीज वाहू न देणारा) थर ज्या काचेच्या भुकटीपासून भाजून तयार करतात ती भुकटी. व्यवहारात तिला ‘फ्रिट’ म्हणतात. हा शब्द जुना असून अर्थ बदललेला आहे. प्राचीन ईजिप्तमधील निळे फ्रिट अर्धवट भाजलेले असे. येथील काच मात्र पूर्ण वितळवून मग दळलेली असते. तंत्राचा उगम बहुधा धातूवरील मिनाकामात असावा. इलिनॉय विद्यापीठातील 1964 च्या पहिल्या प्लाझ्मा पटलात अग्रे पातळ काचपत्र्यांच्या बाहेरच्या अंगास होती, म्हणजे काचपत्राच अपारक थराचे काम करी. भुकटीच्या थराची रीत त्यानंतरची, साधारण 1960 च्या दशकाअखेरची मानावी.

घटकांचे मिश्रण सु. 1,000–1,300° से. तापमानास, बहुधा प्लॅटिनमच्या मुशीत वितळवतात. रस पाण्यात किंवा थंड रुळांमध्ये ओतला की काच तडकते. रुळांतून निघालेले पापुद्रे कोरडेच दळणे श्रेयस्कर. पाण्यात दळल्यास कणांच्या पृष्ठावर ओलावा धरला जातो आणि भाजताना तो वाफ होऊन निघतो. दळण्यासाठी पोलादी गोळे टाळतात, कारण लोखंडाचा अंशही काचेला रंग देतो. अ‍ॅल्युमिनाचे गोळे किंवा कणच एकमेकांवर आपटवणारी जेट चक्की वापरतात. काच स्वच्छ असूनही तिची भुकटी पिठासारखी पांढरी दिसते, कारण प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश विखुरतो. भाजल्यावर कण एकजीव झाले की हा पांढरेपणा जातो. जेथे बुडबुडे राहतात तेथे मात्र धुकट छटा उरते.

भुकटी जितकी बारीक तितकी चांगली, हा समज टिकत नाही. अतिसूक्ष्म कण कमी तापमानास चिकटतात आणि मधली हवा बाहेर पडण्याआधीच वाटा बुजतात. शिवाय बुडबुड्याचा वर चढण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दाट रसात बारीक बुडबुडे जागीच अडकतात. जाड कणांनी मोठे बुडबुडे होतात. ते फुटल्यावर खड्डे पडतात आणि तेथे विद्युत् भंग होतो, म्हणजे थर भेदून वीज आरपार जाते. 30 मायक्रोमीटर जाडीच्या थरात 20 मायक्रोमीटरचा कण आला तर पृष्ठ खडबडीत होते, हे उघडच आहे. म्हणून सरासरी 1–3 मायक्रोमीटर आकार ठेवून वायुवर्गीकरणाने (हवेच्या झोतात कण आकारानुसार वेगळे करून) अतिबारीक व जाड अशी दोन्ही टोके छाटतात. बुडबुड्यांचा दोष काहीजण पेस्टमधील (भुकटी काचेवर लावण्यासाठी केलेल्या लेपातील) एथिल सेल्युलोज या बंधकाच्या अवशेषाला देतात. तथापि बंधक न घालता दाबून भाजलेल्या गोळीतही बुडबुडे राहतात, तेव्हा कणांमधील हवा व ओलावा यांचा वाटा मोठा दिसतो.

पूर्वी शिसे-बोरॉन-सिलिका काच रूढ होती; यूरोपीय संघाचे शिशावरील निर्बंध 2006 मध्ये लागू होण्याच्या सुमारास बिस्मथ व जस्त यांच्या काचांकडे कल वाढला. भाजण्याचे तापमान 550–600° से. राहणे आणि प्रसरणांक (तापल्यावर प्रसरण पावण्याचे प्रमाण) खालच्या काचेशी जुळणे आवश्यक असते. चांदीच्या अग्रांमुळे थर पिवळसर होतो. काचेत शिरलेल्या चांदीचे सूक्ष्म कण त्यास कारण होतात. दोन थर देऊन खालच्यासाठी अधिक तापमानास मऊ होणारी काच वापरल्यास हा दोष कमी होतो.