काचेच्या ग्लासाची सावली कॉम्प्युटरला का छळते?

रे ट्रेसिंगवालं, म्हणजे प्रकाशाच्या एकेका किरणाचा माग काढणारं ग्राफिक्स कार्ड टाकलं की गेममधला प्रकाश अगदी खऱ्यासारखा वागतो, हे २०१८ पासून, म्हणजे एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं आली तेव्हापासून, सगळे छातीठोकपणे सांगतायत. एकदा गेममध्ये उन्हात ठेवलेला काचेचा ग्लास शोधा आणि त्याची सावली बघा. बहुतेक वेळा नुसता फिकट डाग दिसेल. खऱ्या ग्लासाच्या सावलीत मात्र झगझगीत रेषा असतात, वेड्यावाकड्या, कडेला जराशा रंगीत. स्टीलच्या वाटीतल्या दुधावर बाजूने ऊन आलं की मधे टोक असलेली चमकदार कमान उमटते, तीही यातलीच. यांना कॉस्टिक म्हणतात.

यात प्रकाश नवीन तयार होत नाही, फक्त गोळा होतो. वक्र काचेतून किंवा धातूवरून किरण वळतात आणि काही ठिकाणी एकमेकांवर दाटीवाटीने पडतात, तिथे रेष उजळते, आणि तो प्रकाश जिथून उचलला गेला तिथे अंधार पडतो. कुत्री येऊ नयेत म्हणून दारात लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात ना, त्यांच्यामागे फरशीवर फार सुंदर कॉस्टिक पडतं. त्यासाठी ठेवायच्या तर जरूर ठेवा, कुत्री मात्र त्याच बाटलीला टेकून खुशाल झोपतात.

आता कॉम्प्युटरचं दुखणं. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी रेंडरिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरने दृश्याचं चित्र काढण्याचं समीकरण मांडलं आणि ते सोडवायची पाथ ट्रेसिंग नावाची पद्धतही दिली. ती उलटी चालते, म्हणजे किरण दिव्यातून नाही तर कॅमेऱ्यातून निघतो, कारण दिव्यातून निघालेले बहुतेक किरण कॅमेऱ्यात येतच नाहीत. समजा किरण टेबलावर आदळला. आता इथे किती उजेड आहे? सोपा उपाय म्हणजे तिथून सरळ सूर्याकडे रेष ओढायची, मधे काही आलं नाही तर उजेड. पण मधे ग्लास आहे! काचेतून किरण सरळ जात नाही, स्नेलच्या, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या नियमाने ठराविक कोनातच वळतो, त्यामुळे ती सरळ रेष फुकट. मग उरतो नशिबाचा खेळ: टेबलावरून कुठल्याही दिशेने किरण सोडायचा आणि तो काचेतून वळत वळत नेमका सूर्यावर जाईल अशी आशा करायची. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे अर्ध्या गोलाच्या साधारण ९० हजारावा भाग. काच नसतानाही एखादा किरण योगायोगाने सूर्याला लागायची शक्यता एवढीच. आणि दिवा गणितातला बिंदू असेल तर शून्य, कितीही तास थांबा! जे थोडे किरण लागतात ते चित्रात पांढरेशुभ्र ठिपके होऊन बसतात, थ्रीडीवाले त्यांना फायरफ्लाय म्हणतात. हा ठिपक्यांचा गोंधळ, म्हणजे नॉइज, निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात, म्हणून बरेच जण सरळ सेटिंगमध्ये जाऊन कॉस्टिक बंद करून टाकतात.

हेन्रिक वान येन्सेन या डॅनिश संशोधकाने नव्वदच्या दशकात यावर फोटॉन मॅपिंग काढलं, आणि मला स्वतःला हीच युक्ती सगळ्यात जास्त आवडते. आधी दिव्यातूनच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडायचे, ते काचेतून जाऊन टेबलावर पडले की कुठे, कुठल्या दिशेने, किती ऊर्जेचे ते लिहून ठेवायचं. नंतर कॅमेऱ्याचा किरण टेबलावर आला की आजूबाजूच्या छोट्या वर्तुळातल्या फोटॉनची ऊर्जा मिळवायची आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागायची, झाला उजेड. गोची वर्तुळाच्या मापात. मोठं घेतलं तर धारदार रेष पुसट होते, लहान घेतलं तर आत पुरेसे फोटॉनच नाहीत आणि चित्र ठिपक्याठिपक्यांचं. २००८ मध्ये हाचिसुका, ओगाकी आणि येन्सेन यांनी फोटॉनच्या फेऱ्या सोडत राहायचं आणि त्रिज्या हळूहळू लहान करत जायचं असं ठरवलं, पण इतकी हळू की वर्तुळ आक्रसत असतानाही आतल्या फोटॉनची एकूण संख्या वाढतच राहील. दोन्ही एकदम साधलं तर चूक शून्याकडे जाते आणि मेमरीही फुगत नाही, कारण जुने फोटॉन साठवावे लागत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे अंदाज सोडून गणितच करायचं. टेबलावरचा बिंदू आणि दिवा ठरलेले असतील तर काचेवर असा बिंदू शोधायचा जिथे स्नेलचा नियम बरोबर बसतो, आणि तो न्यूटनच्या पद्धतीने, चूक बघून थोडं थोडं सरकत, सापडतो. वेन्झेल याकोब आणि स्टीव्ह मार्शनर यांनी २०१२ मध्ये हा रस्ता दाखवला. २०२२ च्या ब्लेंडर ३.२ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये यातूनच निघालेली सोय आहे, फुकट आहे, करून बघा, फक्त ती काचेच्या सावलीतल्या कॉस्टिकपुरतीच चालते, धातूवरून परावर्तित होणाऱ्याला नाही.

आणि हो, एआय डिनॉइझर, म्हणजे ठिपकेदार चित्र अंदाजाने साफ करणारा प्रोग्राम, सगळं निस्तरेल असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, जिथे एकही किरण पोचलाच नाही तिथली रेष तो कशावरून काढणार? काढलीच तर ती दिसायला छान असेल, पण त्या ग्लासाची नसेल.